टाकीचा काटा आणि सीमेवरील प्रवास

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाने दक्षिणेकडे निघालेले वाहन कागल सोडते, दूधगंगेचा पूल ओलांडते आणि थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटकाची सुरू होते. कोगनोळीचा टोलनाका, वेदगंगेकाठचे यमगर्णी, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती आणि बेळगाव असा हा मार्ग आहे. कोल्हापूरहून निपाणी सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ११० किलोमीटर भरते. या पट्ट्यातील वाहनचालकांमध्ये एक रीत चांगलीच रुजलेली आहे. कोल्हापूरकडून निघताना टाकीत हद्द ओलांडण्यापुरतेच इंधन ठेवावयाचे, पलीकडे पोहोचल्यावर टाकी भरून घ्यावयाची आणि परत येतानाही हद्द सोडण्यापूर्वी पुन्हा भरावयाची. मालमोटारीचा चालक, उसाच्या ट्रॅक्टरचा मालक, बाजारासाठी निपाणीला जाणारा दुचाकीस्वार आणि बेळगावच्या रुग्णालयाकडे निघालेले कुटुंब या सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असते : "पोचतंय की तेवढ्यात!"

बहुतेक वेळा वाहन पोहोचतेही. ज्या वेळी ते पोहोचत नाही, त्या वेळी काय घडते आणि वाचविलेल्या पैशांचा प्रत्यक्ष हिशेब काय होतो, याचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही.

दरात फरक का पडतो?

एकाच महामार्गावर, काही किलोमीटरच्या अंतरात, एकाच कंपनीच्या दोन पंपांवर इंधनाचे दर वेगळे असल्याचे पाहून नवख्या प्रवाशाला नवल वाटते. पेट्रोल आणि डिझेल यांच्या किरकोळ दरात चार घटक असतात : तेल कंपनीचा मूळ दर व वाहतूक खर्च, केंद्र शासनाचे उत्पादन शुल्क, पंपचालकाचे कमिशन आणि राज्य शासनाचा विक्रीकर. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून देशभर लागू झाला. परंतु कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन ही पाच उत्पादने त्यातून बाहेर ठेवण्यात आली. त्यामुळे पेट्रोल व डिझेल यांवरील कर ठरविण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला आणि राज्याची हद्द ही दराचीही हद्द ठरली.

पूर्वी दर दीर्घकाळ स्थिर असत. पेट्रोलच्या दरावरील शासकीय नियंत्रण जून २०१० मध्ये व डिझेलच्या दरावरील नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठविण्यात आले. त्यानंतर काही काळ महिन्याच्या १ व १६ तारखेला दर बदलत असत, आणि आदल्या रात्री पंपावर रांगा लागत. १६ जून २०१७ पासून दररोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत देशभर सुरू झाली. "उद्या उतरेल" या आशेने टाकी रिकामी ठेवण्याची सवय पंधरवड्याच्या काळातील आहे. दैनंदिन फेरबदल बहुधा काही पैशांचा असतो, आणि अनेकदा महिनोन्‌महिने दर हलतही नाही. तेव्हा या आशेला आता फारसा आधार उरलेला नाही.

दोन राज्यांमधील फरक ही मात्र निराळी गोष्ट आहे, आणि एके काळी तो खरोखरच मोठा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ५ रुपयांनी व डिझेलवरील १० रुपयांनी कमी केले. पाठोपाठ कर्नाटक शासनाने दोन्ही इंधनांवरील आपला कर लिटरमागे ७ रुपयांनी उतरविला. महाराष्ट्रात त्या वेळी राज्याच्या करात कपात झाली नाही. परिणामी बंगळूर येथे पेट्रोल सुमारे १०० रुपये ५८ पैसे व डिझेल सुमारे ८५ रुपये, तर मुंबईत पेट्रोल सुमारे ११० रुपये व डिझेल सुमारे ९४ रुपये अशी स्थिती झाली. दोन्ही इंधनांत लिटरमागे नऊ रुपयांहून अधिक अंतर पडले. हे दर दोन राजधान्यांचे आहेत. गावोगावी वाहतूक खर्चामुळे त्यांत थोडा फरक असतोच, परंतु सीमेवरील चित्र याहून फार वेगळे नव्हते. सीमेलगतच्या पंपांपुढे महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या गाड्या उभ्या राहू लागल्या त्या या काळात.

त्यानंतर हे अंतर हळूहळू कमी होत गेले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने पेट्रोलवरील कर लिटरमागे ५ रुपयांनी व डिझेलवरील ३ रुपयांनी कमी केला. १५ जून २०२४ रोजी कर्नाटकाने पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के आणि डिझेलवरील १४.३४ टक्क्यांवरून १८.४४ टक्के केला. त्यामुळे तेथील दर लिटरमागे सुमारे तीन रुपयांनी वाढले. १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटकात डिझेलवरील कर २१.१७ टक्के झाला. तत्पूर्वी, जुलै २०२४ पासून, मुंबई, ठाणे व नवी मुंबई या क्षेत्रातील डिझेलवरील कर २४ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर, म्हणजे उर्वरित महाराष्ट्राच्या पातळीवर आणण्यात आला होता. याचा परिणाम असा झाला की, एप्रिल २०२५ मध्ये बंगळूरचे डिझेल सुमारे ९१ रुपये आणि मुंबईचे सुमारे ९० रुपये झाले. जे डिझेल नऊ रुपयांनी स्वस्त म्हणून सीमेपलीकडे भरले जात होते, ते पलीकडे किंचित महाग झाले!

सवय मात्र दरपत्रकाप्रमाणे बदलत नाही. २०२१ च्या हिवाळ्यात जो हिशेब बरोबर होता तो डोक्यात पक्का बसला, आणि दर जवळजवळ सारखे झाल्यावरही काटा तळाशी ठेवून हद्द ओलांडणारी वाहने दिसतच राहिली. कर पुन्हा बदलू शकतात, अंतर पुन्हा पडू शकते. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाचा दोन्ही बाजूंचा दर पाहणे हा पहिला शहाणपणा होय. तेल कंपन्यांच्या मोबाइल सेवेवर तो घरबसल्या कळतो.

अशी उदाहरणे अन्यत्रही आहेत. एप्रिल २०१२ मध्ये गोवा शासनाने पेट्रोलवरील कर नाममात्र ठेवला आणि तेथील दर एकदम सुमारे ११ रुपयांनी उतरला. शेजारच्या राज्यांतून गोव्यात जाणाऱ्यांना टाकी तेथेच भरण्याचा मोह पडला नसता तरच आश्चर्य. युरोपात लक्झेंबर्ग हा चिमुकला देश कमी करामुळे शेजारच्या जर्मनी, फ्रान्स व बेल्जियम येथील वाहनांचा पंपच बनून गेला होता. या प्रकाराला जर्मन भाषेत 'टाकीचे पर्यटन' अशा अर्थाचा स्वतंत्र शब्दच आहे. इटलीच्या ईशान्य प्रांताने तर आपले रहिवासी स्लोव्हेनियात जाऊन पेट्रोल भरतात म्हणून त्यांना घराजवळ सवलतीच्या दराने इंधन देण्याची योजना आखली. स्वस्ताकडे वळणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो त्यासाठी टाकी किती खाली जाऊ द्यावयाची याचा.

हिशेब करून पाहिल्यास

सीमेलगतच्या एखाद्या गावातील मोटारमालक केवळ स्वस्त पेट्रोलसाठी दहा किलोमीटर जाऊन परत येतो असे समजा. गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल तर २० किलोमीटरच्या खेपेत सव्वा लिटरहून थोडे अधिक पेट्रोल जळेल. १०० रुपये दराने ते सुमारे १३३ रुपयांचे झाले. त्याने ३० लिटर पेट्रोल भरले, तर दरात लिटरमागे साडेचार रुपयांचा फरक असेल तेव्हा कोठे खेप अंगावर येत नाही. त्याहून कमी फरकात तो पदरचे पैसे घालून 'स्वस्त' पेट्रोल आणतो. वाटेत टोल असेल तर हा आकडा आणखी वाढतो. दुचाकीचे उदाहरण घ्यावयाचे तर लिटरला ४५ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला याच खेपेस सुमारे ४४ रुपयांचे पेट्रोल लागते, आणि टाकीत भरून भरून सहा लिटर भरले जाते. म्हणजे लिटरमागे सात रुपयांहून अधिक फरक असल्याखेरीज नफा नाही. सातवी-आठवीच्या वर्गात त्रैराशिक शिकविताना शिक्षकांना हे उदाहरण घेता येण्यासारखे आहे. मुले ते घरी जाऊन वडिलांना सांगतील, हा त्यातील अधिक लाभ.

ज्याचा प्रवास त्या वाटेनेच आहे, त्याची गोष्ट वेगळी. तीनशे लिटरची टाकी असलेली मालमोटार बंगळूरला निघाली असेल आणि फरक दोन रुपयांचा असेल तर सहाशे रुपये वाचतात, आणि हा पैसा लहान नव्हे. अशा चालकाने टाकी सीमेपलीकडे भरावी, पण त्यासाठी रिकाम्या टाकीने हद्द गाठण्याची गरज नाही. पाव टाकी शिल्लक ठेवून तो पोहोचला तरी भरावयाच्या इंधनापैकी तीन चतुर्थांश स्वस्तच मिळते. उरलेल्या पावाचा फायदा दीडशे रुपये. घाटात एकदा गाडी बंद पडली तर मेकॅनिकची खेप, वाया गेलेला दिवस आणि उशिरा पोहोचलेल्या मालाची कटकट यांपुढे हे दीडशे रुपये कोठे टिकतात?

काही जण टाकी हलकी ठेवली की गाडी जास्त ॲव्हरेज देते असे सांगतात. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. मोटारीच्या टाकीत वीस लिटर कमी असले तर पंधरा किलो वजन वाचले. डिकीत एक पिशवीभर सामान कमी असण्याइतकाच हा फरक असून हजार किलोच्या गाडीला तो जाणवतही नाही. चाकांत हवा कमी असणे याने यापेक्षा कितीतरी अधिक इंधन जाते.

काटा खरे सांगतो काय?

टाकीत एक तरंगा असतो. इंधनाच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो आणि त्याच्या दांड्यामुळे विद्युत्‌प्रवाहास होणारा रोध बदलून काटा फिरतो. ही रचना साधी व भरवशाची असली तरी ती घड्याळासारखी अचूक नाही. टाकीचा आकार गाडीच्या खालच्या जागेप्रमाणे वेडावाकडा असतो. त्यामुळे पहिली अर्धी टाकी संथपणे उतरते आणि शेवटची पाव टाकी भराभर संपते, असा अनुभव येतो. चढावर इंधन टाकीच्या मागच्या बाजूस व उतारावर पुढच्या बाजूस सरकते. सपाटीवर जो काटा लाल रेषेच्या वर दिसत होता, तो तवंदीच्या चढावर रेषेखाली जातो आणि घाट उतरताना पुन्हा वर येतो. चालकाला वाटते, अजून पुष्कळ आहे. टाकीतून इंधन ओढणारी नळी एका ठरावीक जागी असते. तळाशी राहिलेले थोडेसे इंधन चढावर त्या नळीपासून दूर गेले की टाकी पूर्ण रिकामी नसतानाही इंजिन बंद पडू शकते.

नव्या मोटारींत 'इतके किलोमीटर जाईल' असा आकडा पडद्यावर दिसतो. लोक त्यावर काट्याहून अधिक विश्वास ठेवतात. हा आकडा गाडी नुकतीच ज्या रीतीने चालली त्यावरून काढलेला असतो. कोल्हापूर ते कागल सपाट रस्त्यावर एका वेगाने आलेली गाडी पन्नास किलोमीटर दाखवीत असेल, तर घाटाचा चढ, टोलनाक्यावरील रांग आणि थंड हवा सोडणारे यंत्र चालू असता ते पन्नास पस्तीसही होऊ शकतात. इशाऱ्याचा दिवा लागल्यानंतर किती इंधन शिल्लक राहते हे प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते पान फार थोडे लोक उघडतात.

दुचाकीच्या बाबतीत एक बदल विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या मोटारसायकलींना टाकीखाली कॉक असे. त्याच्या आत दोन उंचीच्या नळ्या. उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोल गेले की गाडी अडखळे, स्वार वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवी आणि पुढच्या पंपापर्यंत निर्धास्त जाई. दोन पिढ्यांनी गाडी अशीच चालविली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन प्रणाली आली. अशा गाड्यांना कॉक नसतो. पेट्रोल संपत आले की दिवा लागतो, एवढीच सूचना. अडखळण्याची, वाकून कॉक फिरविण्याची आणि मग वीस-तीस किलोमीटर जाण्याची सोय संपली. वडिलांची गाडी 'रिझर्व्हला लागेपर्यंत' चालत होती म्हणून मुलगाही नवी गाडी तशीच चालवितो आणि मध्यरात्री निपाणी-मुरगूड रस्त्यावर ढकलत नेतो.

यंत्रावर होणारा परिणाम

पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत इंधन ओढणारा विजेचा पंप टाकीच्या आतच बसविलेला असतो. त्याच्या सभोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते व वंगण पुरविते. इंधन नेहमी तळाशी ठेवणाऱ्याच्या गाडीत हा पंप तापत राहतो, मधूनमधून हवा ओढतो आणि वेळेआधी झिजतो. एका पंपाच्या किमतीत दोनचारशे लिटरवरील दोन-तीन रुपयांची बचत सहज गडप होते.

डिझेलच्या वाहनांचे दुखणे आणखी वेगळे आहे. टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली की नुसते डिझेल ओतून गाडी सुरू होत नाही. ट्रॅक्टर व जुन्या मालमोटारींत फिल्टरवरील बोल्ट सैल करून, हातपंप मारून फेसाळ डिझेल बाहेर काढावे लागते. बुडबुडे थांबेपर्यंत हे काम चालते. जाणत्या चालकाला ते येते, पण रात्री पावसात महामार्गाच्या कडेला ते करणे सुखाचे नाही. नव्या कॉमन रेल इंजिनांत उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. तो कोरडा फिरला तर त्याचे बारीक भाग खरडले जातात आणि ते कण पुढे इंजेक्टरपर्यंत पोहोचतात. त्याची दुरुस्ती गावच्या गॅरेजात होण्यासारखी नसते.

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणीच्या हालसिद्धनाथ व संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्यांच्या वाटेवर दोन-दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. या ट्रॅक्टरांना डिझेल बहुधा कॅनमधून घातले जाते, आणि तेही लागेल तेवढेच. रात्रभर अर्धी-रिकामी राहिलेल्या टाकीतील हवेत बाष्प असते. पहाटेच्या गारठ्यात त्याचे थेंब टाकीच्या भिंतीवर जमतात व तळाशी उतरतात. असे थोडे थोडे पाणी साचून पत्र्याला गंज चढतो आणि फिल्टर तुंबतात. यावर उपाय सोपा आहे. टाकी सकाळी कामास निघताना भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. डिझेल तेवढेच लागते, पैसेही तेवढेच. भरताना स्वच्छ कापडाऐवजी बारीक जाळीची गाळणी वापरावी, कारण कापडाचे तंतूही फिल्टरमध्ये अडकतात. टाकीच्या तळाचा बोल्ट अधूनमधून काढून गाळ व पाणी सोडून द्यावे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी ओढून घेते. दिवसेंदिवस न वापरता, तळाशी थोडे पेट्रोल ठेवून उभ्या राहिलेल्या दुचाकीत हे अधिक जाणवते. ज्यांची गाडी महिना-महिना दारात उभी असते, त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

घाटातील उतार

इंधन कमी उरले की काही चालक घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. काही तर इंजिनच बंद करतात. सीमाभागातील अत्यंत धोक्याची सवय कोणती, असे विचारल्यास याच सवयीचे नाव घ्यावे लागेल. मालमोटारीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब निर्माण करणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असता प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की दाब कमी होतो आणि तो पुन्हा भरून निघत नाही. सुकाणूला मिळणारे यांत्रिक साहाय्यही थांबते व चाक जड होते. मोटारीतही तीच अवस्था थोड्या फरकाने होते. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडी आवरून धरते. न्यूट्रलमध्ये सर्व भार ब्रेकवर पडून ते तापतात व पकड सोडतात. गंमत अशी की, इंजेक्शन प्रणालीच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडून उतरल्यास इंधनाचा पुरवठा आपोआप जवळजवळ बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे या जुगारात बचतसुद्धा होत नाही. तवंदी घाटात वर्षानुवर्षे अपघात घडत आलेले आहेत. भरलेली, अठरा टनांच्या घरातील मालमोटार काही लिटर डिझेलसाठी तेथे मोकळी सोडणे म्हणजे पुढे चाललेल्या दुचाकीवरील माणसाचा जीव पणाला लावणे होय.

महापुराचे दिवस

या मार्गावर टाकी भरलेली असण्याचे महत्त्व ऑगस्ट २०१९ ने दाखवून दिले. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि सुमारे आठवडाभर वाहतूक ठप्प झाली. हजारो मालमोटारी दोन्ही बाजूंस अडकून पडल्या. कोल्हापूर शहरात पेट्रोल, डिझेल व स्वयंपाकाचा गॅस यांचा तुटवडा पडला. पाणी ओसरू लागल्यावर १२ ऑगस्टच्या सुमारास प्रथम जी वाहने सोडण्यात आली, ती अत्यावश्यक वस्तूंची होती आणि त्यांत इंधनाचे टँकरही होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. त्या वेळी शिरोलीप्रमाणेच निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेच्या पाण्याने रस्ता अडविला. हद्दीपलीकडे स्वस्त इंधन आहे, पण मध्ये नदी रस्त्यावर आली आहे, अशी ही अवस्था. त्या दिवसांत आजारी माणसाला रुग्णालयात न्यावयाचे असेल, वळणावळणाच्या दुसऱ्या रस्त्याने चाळीसच्या जागी सत्तर किलोमीटर जावयाचे असेल, तर टाकीत काय आहे यावर सारे अवलंबून राहते. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, कोगनोळी येथील तपासणी नाक्यावर वाहने थांबवून प्रमाणपत्रे पाहिली जात होती आणि अनेकांना परत फिरावे लागे; परतीचे इंधन न ठेवता आलेल्यांची तेव्हा पंचाईत झाली.

जून ते सप्टेंबर या काळात टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये, हा नियम या पट्ट्यातील प्रत्येक कुटुंबाने व विशेषतः ज्या ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेकडे स्वतःचे वाहन आहे तिने पाळण्यासारखा आहे. एरवी पाव टाकी ही खालची मर्यादा समजावी. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी व चोर्ला घाट मार्गे गोव्याकडे, अथवा संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा व आंबोली मार्गे सावंतवाडीकडे जाणाऱ्यांनी घाट लागण्यापूर्वीच भरून घ्यावे. जंगलातील या टापूंत पंप विरळ आहेत आणि पावसाळ्यात दरड कोसळल्यास तासन्‌तास थांबावे लागते.

थोडे पैसे, थोडे पेट्रोल

टाकी तळाशी राहण्याचे कारण नेहमीच हिशेबीपणा नसतो. रिक्षाचालक सकाळी दोनशे रुपयांचे इंधन घालतो आणि दिवसाच्या कमाईतून पुन्हा दोनशेचे. मालमोटारीच्या चालकाला मालक खेपेपुरती खर्ची देतो. शिवाय रात्री मुक्कामाच्या ठिकाणी डिझेल चोरीस जाण्याची धास्ती असते, म्हणून भरलेली टाकी त्याला नकोशी वाटते. ज्याच्या खिशात भरावयास पैसेच नाहीत, त्याला पाव टाकीचा उपदेश करून उपयोग नाही हे उघड आहे. तथापि त्यालाही एक गोष्ट करता येते. दोनशे रुपयांचे इंधन शून्यावर घालावयाचे की पावावर, हा प्रश्न फक्त पहिल्या एकदाच येतो. एखाद्या आठवड्यात, बाजाराच्या चांगल्या दिवशी, तीन-चारशे रुपये जास्त घालून काटा पावावर आणला की त्यानंतर रोजचे दोनशे त्याच्या वरच पडत राहतात. खर्च वाढत नाही. ठेव मात्र टाकीत राहते. मालकांनीही चालकाला खर्ची देताना परतीची पाव टाकी वेगळी धरावी आणि टाकीच्या झाकणास कुलूप बसवावे.

पंपावर माप कमी मिळते या शंकेमुळे काही जण थोडे थोडे भरतात. अशी शंका असल्यास प्रत्येक पंपावर ठेवलेल्या, वैधमापन विभागाने शिक्का मारलेल्या पाच लिटरच्या मापाने मोजून दाखविण्याची मागणी ग्राहकास करता येते. तो त्याचा हक्क आहे. पाच लिटरसाठी भांडणे आणि रिकाम्या टाकीने फिरणे, यांपैकी पहिला मार्ग केव्हाही बरा.

घरात किंवा गाडीत पेट्रोलचा साठा करून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. पण ते धातूच्या, घट्ट झाकणाच्या व २५ लिटरहून मोठ्या नसलेल्या भांड्यात असावे लागते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यास मर्यादा एका लिटरची आहे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीला कायद्यात स्थान नाही. चूल पेटलेल्या स्वयंपाकघराशेजारी पेट्रोलची बाटली ठेवणारी घरे खेड्यांत आजही आहेत, हे दुर्दैव.

गाडी रस्त्यात थांबलीच तर

इतके करूनही इंधन संपले, तर इंजिन अडखळू लागताच, गाडीला गती आहे तोवर, ती डाव्या बाजूस रस्त्याबाहेर घ्यावी. पूर्ण थांबल्यावर ढकलणे जड जाते, आणि मालमोटार तर ढकलताही येत नाही. चारही इशारादिवे लावावेत. गाडीसोबत मिळालेला परावर्तक त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर, वळण असल्यास वळणाच्या अलीकडे ठेवावा. दगड किंवा झाडाची फांदी हे त्याचे काम करू शकत नाहीत, आणि गाडी निघाल्यावर ते दगड रस्त्यावर तसेच राहतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक रस्त्यावर सोडणे हा गुन्हा आहे, मग कारण डिझेल संपल्याचे का असेना. प्रवाशांनी गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे थांबावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून अपघात वा तातडीच्या प्रसंगी ११२ वर दूरध्वनी करावा. दूरध्वनी करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगितल्यास मदतीचे वाहन शोधत फिरत नाही. डिझेल आणल्यावर निदान दहा लिटर तरी घालावे, हवा पूर्ण काढावी आणि मगच स्टार्टर मारावा. बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारीत राहिल्यास एका अडचणीच्या दोन होतात.